रंगुबाईचं मडकं

सिलचर, आसाम
१८ ऑगस्ट २०२४

पल्लवे,

पत्र बघून हसू नको. सातवीनंतर पेन धरलं ते दुकानातल्या पावत्या लिहायलाच. पण फोनवर आपलं काय होतंय ते तुला म्हायती हाय. मी बोलायला लागलो की तू फोन ठेवतीस, तू रडायला लागलीस की मी ठेवतो. म्हणून म्हटलं लिहावं.

अर्जुना परवा गावाकडनं इथं पोचला. आईचं डोरलं आणि कानातली फुलं त्यानं माझ्या हातात दिली. ज्या फडक्यात बांधलीस ते तिच्या हिरव्या लुगड्याचं हाय, मी लगेच ओळखलं. तुझी चिठ्ठी बी वाचली. 'आईच्या नावानं एक काम करायचंय, सोनं शुद्ध करून दे, पण वितळवू नको, पूड तशीच दे.' देतो की. इचारायची गरज न्हाई, मला कळलं. आईचा टाक करायचा हाय ना? चांदीच्या पत्र्यावर तिची मूर्ती उठवायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा. आपल्या देवघरात आजा-आजीचे टाक हायत तसा. मुलाम्यालाच पूड लागत असंल. तुला सुचलं, मला न्हाई सुचलं, ह्याचं वाईट वाटलं जरा.

इथं गल्लीत सगळी विट्याकडचीच पोरं. सराफाकडचं जुनं सोनं आणायचं, तेजाबात टाकायचं, धूर खायाचा, शुद्ध करून परत द्यायचं. गाव तिकडं ऱ्हायलं तरी गावच्या गोष्टी माझ्याआधी इथं पोचत्यात. गेल्या महिन्यात दहाव्याला आईच्या पिंडाला कावळा शिवला न्हाई, दुपार टळली, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, हे मला तुमच्याकडनं न्हाई, चहाच्या टपरीवर कळलं. तात्या पारावर बसून म्हणाला म्हणं, "पोरगं आलं न्हाई, रंगुवहिनीचा जीव त्याच्यात अडकलाय." आता रोज सकाळी कुणीतरी इचारतंय, "काय मल्हारी, शिवला का कावळा?" आणि मग हसत्यात. मी बी हसतो. काय करू?

तात्याला सांग, डोंगरातले रूळ वाहून गेले होते. विमान पावसानं उडत न्हवतं. मी स्टेशनात बसून ऱ्हायलो आणि अर्जुनानं तिकडनं लावलेल्या व्हिडिओ फोनवर तुमाला बघितलं. तात्याच्या पोराच्या हातातनं पाण्याचं मडकं तू घेतलंस आणि तुझ्या खांद्यावर ठेवलंस, तिथवर दिसलं. पयल्या फेऱ्याला फोन अडकला. लय बरं वाटलं, आणि लय राग बी आला. ती जागा माझी व्हती.

आबा जेवतात का? आणि तू साताऱ्याला चिखलात काय करतीस ते नीट लिही. अर्जुना म्हणतो, पल्लवी आता कुंभारीण झालीया.

मल्हार

*

सातारा
३ सप्टेंबर २०२४

दादा,

पत्र मिळालं. आत्यानं आधी उलटंपालटं करून बघितलं, "सरकारी हाय का गं?" म्हणून. बनाआत्याला अजून पत्र म्हणजे कोर्टाचंच वाटतं.

टपरीवरच्या पोरांना तोंड लागू नको. आबा जेवतात, पण ताटाकडं बघून नाही. मेंढरं तात्यानं आपल्याकडं घेतलीत. म्हणाला, "तुझ्यानं आता होत न्हाई." आबा "व्हय" म्हणाले.

कुंभारीण नाही रे. एमआयडीसीत माझं पॅकिंगचं काम चालूच आहे. सुट्टीच्या दिवशी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला चारुशीलाताईंच्या शेडमध्ये जाते. त्या जपानला एका कुंभारांच्या गावात राहून मातीकाम शिकून आल्यात. तिकडं भट्टी चढावर बांधतात, डोंगर चढत गेल्यासारखी. ती पेटवली की सगळं गाव पाळ्या लावून लाकडं घालतं. कुणाची भांडी आत आहेत हे बघत नाही कुणी. ताईंनी तशीच लहान भट्टी इथं बांधलीय. आमच्यात शाळेतल्या बाई आहेत, कंपनीतल्या आम्ही चौघी आहोत आणि एक रिटायर सुभेदार आहेत. सुभेदार लाकडं घालतानासुद्धा "यस सर" म्हणतात. कुणाला म्हणतात, माहीत नाही.

आता प्रदर्शन आहे. आधी साताऱ्यात, मग सांगलीत. ताई म्हणाल्या, प्रत्येकानं घरातलं फुटलेलं भांडं आणा, आणि त्याची गोष्ट आणा. जपानमध्ये फुटलेलं भांडं टाकत नाहीत, झाडाच्या चिकानं सांधतात आणि सांध्यावर सोनं भरतात. किन्त्सुगी म्हणतात त्याला. फुटलंय हे लपवायचं नाही, उलट दाखवायचं. सुभेदारांनी कारगिलच्या वेळचा चहाचा मग आणला. चिक वाळायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि तोही ओलसर पेटीत. माझ्या दोन्ही हातांना त्यानं पुरळ उठलंय. आत्या म्हणते, "मातीची बाधा हाय, बिरोबाला नारळ दे."

मला तिथं बरं वाटतं, दादा. आई गेल्यापासून बरं वाटलेली तेवढी एकच जागा आहे.

सोन्याचं सांगितल्याप्रमाणं कर. कामाचं तुला सावकाश सांगेन.

पल्लवी

ता.क. तात्या माझ्यासाठी जतकडचं स्थळ बघतोय. म्हणतो, वर्षाच्या आत केलं तर चालतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. मी अजून काही बोलले नाही.

*

सिलचर
२५ सप्टेंबर २०२४

पल्लवे,

शेठचा मेव्हणा उद्या विट्याला निघालाय, त्याच्यापाशी डबी देतोय. तो साताऱ्याला आत्याकडं आणून दील. डबी त्याच्यासमोर उघडू नको, फुंकरीनं उडून जाईल.

आईचं सोनं मी दुसऱ्या कुणाच्या सोन्यात मिसळू दिलं न्हाई. शेठ म्हणाला, "एवढ्याशा मालाला वेगळं भांडं कशाला रं?" म्हटलं, "माझ्या आईचं हाय." मग त्यानंच भांडं काढून दिलं. वेगळ्या भांड्यात तेजाब घेतलं. डोरलं आत टाकलं तवा जरा वेळ तसंच दिसत व्हतं, आई नळावर पाणी भरताना गळ्यात हलायचं तसं. मग इरघळलं. तांबं गेलं, मळ गेला, आणि तळाला बसली ती पूड. तुला वाटंल चकाकती असंल. न्हाई. शुद्ध सोन्याची पूड मातीसारखी असती, तपकिरी. नवीन माणूस वतून दील मोरीत. घासली की मग रंग येतो.

मला एक गोष्ट कळली गं. मला मडकं धरता आलं न्हाई, अग्नी देता आला न्हाई. पण हे सोनं माझ्या हातनं शुद्ध झालं. टाक झाला की तो देवघरात बसंल, आबा रोज गंध लावतील, तुझी-माझी पोरं पाया पडतील, आणि त्यात माझा हात असंल. टपरीवरच्यांना मी सांगून टाकलं. अर्जुना म्हणाला, "आता कावळा खुश हुईल गड्या." यावेळी मला राग आला न्हाई.

विट्याच्याच सोनाराकडं कर, सांगलीला फशिवत्यात. आणि झाला की फोटू धाड. नाक नीट काढायला सांग, आईचं नाक सरळ व्हतं.

जतच्या स्थळाचं काय? पोरगा काय करतो? तात्याच्या म्हणण्यावर जाऊ नको, पण आबांकडं बघून काय ते ठरव. तुझं लगीन लागलं की मी बी इथनं हलणार हाय. एका गावात माझा जीव रमत न्हाई. पोरं म्हणत्यात, इंफाळला काम हाय.

मल्हार

*

सातारा
२४ नोव्हेंबर २०२४

दादा,

इतके दिवस लिहिलं नाही. दोनदा लिहून फाडलं.

फोटो पाठवतेय. टाकाचा नाही. टाक करायचाय असं मी कधीच म्हटलं नव्हतं, पण तुझं पत्र वाचल्यावर 'नाही' लिहायला हात उचलला नाही. आता सांगते. पूर्ण वाच.

त्या दिवशी तिसरा फेरा झाला, मडकं पाठीमागं सोडलं, फुटल्याचा आवाज आला. सगळे म्हणाले, मागं बघू नको, सरळ चल. मी बघितलं. लहान मुलीसारखं वाटलं, कुणाच्या तरी हातून चुकून फुटलंय आणि आई आता ओरडणार आहे. पण आई नव्हतीच ओरडायला. तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी, म्हणजे आबा, तात्या, सगळे, राख सावडत होती, तेव्हा मी कडेला पडलेली खापरं ओटीत भरली. गावातल्या घरात आणली नाहीत. पिशवीत घालून साताऱ्याला आणली. कशाला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चारुशीलाताईंचं सांधायचं काम नंतर कळलं.

फोटोत जे मडकं आहे ते आईचं आहे. चिकानं मी सांधलंय, माझ्या हातांनी. सांध्यावरचं सोनं तिचंच आहे, आणि शुद्ध तू केलंस. तीन भोकं तशीच ठेवलीत, ज्यांतून पाणी सांडलं ती. ताई म्हणाल्या, बुजवू नकोस.

साताऱ्याच्या प्रदर्शनात लोक तिथं थांबायचे. एक म्हाताऱ्या बाई रडल्या. जपानहून पाहुण्या आल्या होत्या, त्या मडक्यापुढं वाकल्या, चांगल्या कमरेत वाकल्या, आपण देवापुढं वाकतो तशा. त्यांच्या गावी एप्रिलमध्ये मोठं प्रदर्शन आहे. हे मडकं त्यांनी निवडलं. आणि दादा, मलाही बोलावलंय. सहा महिने, त्या चढावरच्या भट्टीवर, शिकायला. राहणं-खाणं त्यांचं. दोन दिवस कंपनीत माझ्या हातून पॅकिंगचे खोके उलटे लागत होते.

आबांना मी दाखवलं. आत्याकडं आले होते तेव्हा नेलं. खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पाणी ऱ्हातं का गं ह्यात?" मी म्हटलं, नाही, भोकं आहेत. "व्हय," म्हणाले, आणि सोन्यावरून बोट फिरवलं. घरी जाताना एसटीत बसेपर्यंत माझा हात धरून होते.

तात्याला यातलं काही माहीत नाही. प्रदर्शन, मडकं, जपान, काही नाही. एप्रिलपर्यंत माहीत होऊ नये. तू घरातला पहिला आहेस ज्याला मी हे सगळं लिहितेय. रागावशील, पण सांगू नकोस.

पल्लवी

*

सिलचर
६ डिसेंबर २०२४

पल्लवे,

फोटू बघितला. परत पाकिटात घातला. दुकानात देवाच्या तसबिरीखाली ठेवायचा म्हणून मी खिळा बी मारून ठेवला व्हता. आता तो खिळा तसाच हाय.

मसणातलं खापर कुणी उचलत न्हाई. आपल्यात न्हाई, कुणातच न्हाई. तुला आठवत न्हाई का, लहानपणी मी ओढ्याकाठचं खापर खेळायला आणलं तर आईनं मला दारातच आंघुळ घातली व्हती, कपडे टाकून दिले व्हते? त्याच आईचं खापर तू ओटीत घातलंस. ओटीत! जिथं नारळ घालत्यात तिथं.

मडकं का फोडत्यात, म्हायती हाय का तुला? घर संपलं, पाणी संपलं, आता मागं फिरू नको, हे गेलेल्या माणसाला सांगायला फोडत्यात. आणि तू ते परत जोडलंस. वर तिचंच सोनं लावलंस. जाईल कुठं ती? रस्ता बंद केलास तिचा.

आता मला सगळं कळलं. दहाव्याला कावळा का शिवला न्हाई ते. तवा खापरं तुझ्या पिशवीत व्हती. तिचा जीव माझ्यात अडकला न्हवता, तुझ्या पिशवीत अडकला व्हता! आणि चार महिनं मी खातोय लोकांचं. मी! तुला म्हायती व्हतं पल्ले. तू मला लिहिलंस, "टपरीवरच्यांना तोंड लागू नको." येवढंच लिहिलंस. खापरं उशाला घेऊन निजत व्हतीस आणि माझ्यावर दया करत व्हतीस.

आणि माझ्या हातनं सोनं काढून घेतलंस. सांगून मागितलं असतंस तर मी दिलं असतं का? न्हाई दिलं असतं. म्हणूनच सांगितलं न्हाईस. त्या जपानी बाई वाकल्या म्हणं. त्यांची आई न्हवती ती. दुसऱ्याच्या मसणापुढं वाकायला काय जातंय?

आबांचं मला सांगू नको. आबांना कुणीबी काय बी दाखवावं. मेंढरं नेली तरी ते "व्हय" म्हणत्यात.

ते मडकं कृष्णेत सोड. सांगलीला नेणार हायस ना, तिथं घाट हाय. न्हेऊन सोड आणि मला लिही. मग जपानला जा, चंद्रावर जा. मी आडवा येणार न्हाई.

मल्हार

*

सातारा
१९ डिसेंबर २०२४

दादा,

नाही सोडणार.

तुला राग कशाचा आलाय, मला कळतंय. खापरं उचलल्याचा नाही. कावळा तुझ्या नावावर लागला आणि तो माझ्या नावावर लागायला हवा होता, याचा आहे. मग लाव. तुझ्या टपरीवर जाऊन सांग. मला चालेल. मी इथं रोज आरशात तोंड बघते, मला नाही वाटत आई माझ्या पिशवीत अडकली होती. कावळ्याचं म्हणशील तर त्या दिवशी तात्यानं वाजंत्र्यासारखी माणसं गोळा केली होती, वीस-पंचवीस जण घाटावर ओरडत होते, कुठला कावळा खाली उतरेल?

तू म्हणतोस, मडकं फोडतात ते गेलेल्या माणसाला सांगायला. खांद्यावर ते मडकं होतं तेव्हा पाणी माझ्या पाठीवरून गळत होतं. गार. तात्याचा पोरगा मागं उभा राहून पुटपुटत होता, "बाईमाणसाचं काम न्हाई हे." मला वाटलं, आई आयुष्यभर पाण्याला गेली, खांद्यावर, डोक्यावर, टँकरच्या मागं पळत. आणि शेवटी तिला काय दिलं आपण? गळकं मडकं. ते तरी मी नीट करून दाखवावं, एवढंच. हे तुला तिथं बसून नाही कळणार. तू फक्त पहिला फेरा बघितलास.

सोन्याचं मी चुकले. सांगायला हवं होतं. बाकीचं चुकले नाही.

दहा जानेवारीपासून सांगलीत प्रदर्शन आहे. तू ये. शेठकडं सुट्टी माग. येऊन मडक्यासमोर उभा राहा, हात लाव. त्यानंतरही म्हणालास की कृष्णेत सोड, तर तू स्वतः उचल आणि सोड, मी अडवणार नाही. जपानचं जाणं गेलं तर गेलं. पण न बघता सांगू नकोस.

आणि एक. जतकडच्यांना तात्यानं होकार कळवलाय. मला न विचारता. मी त्याला सांगितलं, कंपनीची परीक्षा आहे, एप्रिलनंतर बघू. एप्रिलमध्ये मी इथं नसेन. तोवर फक्त तुझं तोंड बंद हवंय.

वाट बघतेय.

पल्लवी

*

सातारा
२ फेब्रुवारी २०२५

श्री. मल्हार यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. मी चारुशीला, पल्लवीच्या मातीकामाची शिक्षिका. ती पाकिटावर तुमचा पत्ता लिहीत असताना मी तो कधीतरी पाहिला होता. सांगलीला जे घडलं त्याची तुम्हाला पूर्ण कल्पना असेलच असं नाही, म्हणून लिहीत आहे.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी तुमचे काका, त्यांचा मुलगा आणि गावातली बरीच मंडळी सभागृहात आली. तुमचे वडीलही होते. आम्हाला वाटलं, कुटुंबीय कौतुकानं आले आहेत. मी स्वतः पुढं होऊन त्यांना पाणी दिलं. तुमच्या काकांनी ते पाणी न पिता मडक्यात ओतलं. मग मडकं मुलाच्या खांद्यावर दिलं आणि सोबत आणलेल्या दगडानं ते टोचू लागले. भोकं आधीच होती, तरीही. मुलानं चौथऱ्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. पल्लवी आडवी आली, तेव्हा दोन बायकांनी तिला धरलं. ती ओरडली नाही. "दादानं सांगितलं?" एवढंच तिनं विचारलं. काका म्हणाले, "मग कुणी? घरचा कर्ता हाय त्यो." तिसऱ्या फेरीनंतर मडकं पाठीमागं सोडलं आणि सगळे मागं न बघता बाहेर पडले. पल्लवीला मध्ये घेऊन. तुमचे वडील पटका हातात घेऊन दारापाशी उभे होते, ते सगळ्यांत शेवटी गेले.

तुम्हाला हे वाचून विचित्र वाटेल, पण सभागृहातल्या बहुतेकांना तो प्रदर्शनाचाच भाग वाटला. काहींनी टाळ्या वाजवल्या. अनेकांनी चित्रीकरण केलं.

मला फार दुःख झालं. परंतु त्या चित्रीकरणाबद्दल जपानमधल्या सहकाऱ्यांना कळवलं तेव्हा ते अतिशय भारावून गेले. सांधलेली वस्तू समाजानं पुन्हा आपल्या विधीनं मोडली, यात एक वर्तुळ पूर्ण होतं असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून सोनेरी कडांचे ते तुकडे आणि ते चित्रीकरण आम्ही एप्रिलमध्ये तिथं मांडत आहोत. आधी ठरलं होतं त्यापेक्षा मोठ्या दालनात. पल्लवी घरगुती अडचणीमुळे येऊ शकणार नाही असं तिच्या काकांनी फोनवर कळवलं. तिच्या जागी शाळेतल्या बाई येतील. फलकावर एका व्यक्तीचं नाव न देता 'सातारा-सांगली परिसरातील समुदाय' असं लिहावं, असा विचार आहे. त्यात तुम्हीही आलात.

आपल्या मातोश्रींच्या स्मृतीस अभिवादन.

आपली,
चारुशीला

*

सिलचर
१६ फेब्रुवारी २०२५

पल्लवे,

हे पत्र आत्याच्या पत्त्यावर धाडतोय. तुझा फोन तात्या उचलतो. "ती मळ्यात हाय," म्हणतो. कवाबी लावा, मळ्यातच.

व्हय, मीच सांगितलं. तुझं शेवटचं पत्र वाचलं त्याच दिवशी सांगितलं. 'तू फक्त पहिला फेरा बघितलास' हे वाचलं आणि डोकं फिरलं. पण मी काय सांगितलं ते ऐक. मी तात्याला म्हणालो, मडकं घ्या आणि कृष्णेत सोडा, गुपचूप. तमाशा करा असं न्हवतं म्हणालो. जपानचं मी सांगणार न्हवतो. तात्यानं इचारलं, "पण ती एवढं कशापायी जपतीया?" तवा तोंडातनं गेलं. एप्रिलचं बी गेलं.

तात्यानं मला कर्ता म्हटलं म्हणं. आयुष्यात पयल्यांदा म्हटलं, आणि ते बी मी तिथं नसताना.

त्या बाईंना मी पत्र लिहिलं. म्हटलं, तुकडे परत द्या, माझ्या आईचे हायत. त्यांनी लगेच फोन केला. गोड बोलतात. म्हणाल्या, "मल्हारजी, आता ते एका घराचे राहिले नाहीत." मी म्हटलं, "मग पल्लवीला तरी न्या." म्हणाल्या, "तिचं घर परवानगी देत नाही, आम्ही घरात कसं बोलणार?" माझ्या आईच्या मसणात बोलायला चालतं, घरात बोलायला चालत न्हाई. मला शिवी आली, मी गिळली. मग वाटलं, कुणाला देणार होतो शिवी?

टपरीवर आता कुणी काय इचारत न्हाई. सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितला. मी गेलो की चहा हातात देत्यात आणि बाजूला सरकत्यात. अर्जुना तर माझ्याशी बोलतच न्हाई. काल एवढंच म्हणाला, "लय भारी पोरगी व्हती रं तुझी भन." व्हती म्हणाला. मेल्यासारखी.

मी तात्याला सांगतो, जतचं मोड. मी कर्ता असंन तर माझं ऐकावं लागंल. पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतो. आबांना घेऊन बसतो, मेंढरांचं बी बघतो. तू फक्त दम धर. आणि एक ओळ लिही, शिवी असली तरी.

मल्हार

*

जत तालुका, जि. सांगली
२१ मे २०२५

दादा,

तुझी चार पत्रं आत्यानं लग्नातल्या आहेराच्या पिशवीत घालून दिली. काल वाचायला मिळाली.

तू मार्चमध्ये आला नाहीस. का, ते मला सांगायची गरज नाही. पिंपळाखाली मांडव घातला तेव्हा तात्या सगळ्यांना सांगत होता, "मल्हारचा फोन आलाय, होकार हाय, सुट्टी मिळाली न्हाई." तू होकार दिला होतास की तात्यानं मनानं सांगितलं, हे मी विचारणार नाही. दोन्हीत मला काही फरक राहिला नाही.

हळदीला आबांनी माझ्या हाताला हळद लावली. चिकाचे डाग अजून गेले नव्हते. लोक म्हणाले, पोरीला कसलं दुखणं आहे का. आबा म्हणाले, "न्हाई, कामाचं हाय." एवढं बोलले. तू आलास तर त्यांच्याजवळ बस. मेंढरं परत मागू नकोस, त्यांच्यानं खरंच आता होत नाही.

इथं वाईट नाही. डाळिंब आहे. नवरा शांत आहे, टेम्पो चालवतो. सासूबाईंनी तो सांगलीचा व्हिडिओ त्यांच्या भावाच्या फोनवर बघितला. मला दाखवून म्हणाल्या, "ही दोघींनी धरलेली कोण गं?" मी म्हटलं, ओळखीची नाही. त्यांनी परत लावला. मी भाकऱ्या थापायला गेले.

जपानला प्रदर्शन झालं म्हणे. शाळेतल्या बाईंनी आत्याला फोन करून सांगितलं, खूप लोक आले, आणि भट्टी पेटवली तेव्हा त्यांनीही लाकडं घातली. माझी आठवण काढली म्हणाल्या. त्यांचा मला राग नाही.

मागच्या आठवड्यात माझा पासपोर्ट आला. साताऱ्याच्या पत्त्यावर आला, आत्यानं तो ओळखीच्या एका टेम्पोवाल्याच्या हातून इकडं पाठवला. नवऱ्यानं उघडून बघितला. पानं उलटली, सगळी कोरी. "दहा वर्षं चालतो की," म्हणाला. मग म्हणाला, "फोटो चांगला आलाय, आधारचा बदलून हाच लावू." आणि गॅसच्या पुस्तकाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला. पेटीची किल्ली सासऱ्यांच्या कमरेच्या करगोट्याला असते.

आता लिहू नकोस. इथं पोस्टमन पत्र घरातल्या पुरुषाच्या हातात देतो.

पल्लवी